राजगुरुनगरची गोळी

निघोज्याजवळच्या एका कारखान्यात मी भांडार सांभाळते. सुटे भाग, तेलं, रंग, रसायनं, जे काही आत येतं आणि बाहेर जातं ते माझ्या नजरेखालून. कोणतं रसायन कोणाच्या शेजारी ठेवायचं नाही याचा एक तक्ता आमच्या भिंतीवर आहे. तो मीच केलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्ही म्हणाल की अशा बाईच्या हातून हे झालंच कसं.

ज्यांना मायग्रेनही आहे आणि नैराश्यही, आणि दोन्हींच्या गोळ्या घरात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी घ्या आणि कोणती सोडा हे मी सांगणार नाही. माझं काय झालं ते सांगते.

डोकं

मायग्रेन माझ्याकडे लग्नाआधीपासून मुक्कामाला आहे. आधी डाव्या डोळ्याच्या कडेला एक वाकडी चमकती रेघ दिसते, दुरून कोणी वेल्डिंग करत असावं तशी. रेघ विझली की दुखणं सुरू. मग ट्यूबलाइट नको, कुकरची शिट्टी नको, कांद्याचा वास नको आणि कोणी प्रेमाने विचारपूस केलेलीही नको.

चिंचवडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मला अटॅकची गोळी दिली. ती रोज घ्यायची नसते. दुखणं चढायला लागताच घ्यायची, आणि आठवड्यात किती वेळा याला त्यांनी मर्यादा घालून दिली होती. ती गोळी मला लागू पडली. कित्येक वर्षं पर्समध्ये पाकीट आणि मोबाइलच्या शेजारी तिची जागा ठरलेली होती.

मन

दुसरा आजार कधी आला ते मला सांगता येणार नाही. चमकती रेघ वगैरे काही दिसली नाही.

माझं सगळं आयुष्य याद्यांवर चालतं. सकाळी यादी, संध्याकाळी तिच्यावर खुणा. एका वर्षी असं होऊ लागलं की यादी होई, पण खुणा होईनात. फ्रिजमध्ये पालेभाजी पिवळी पडे. कंपनीतून आले की पार्किंगमध्येच स्कूटरवर बसून राही, जिना चढायचं जिवावर येई. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर निदान काही तरी झालंय हे घरात कळलं असतं. एकदा मुलगी, ऋतुजा, खाली आली आणि म्हणाली, "आई, तू इथे का बसलीयेस?" मी डबा तिच्या हातात दिला आणि तिच्यामागून जिना चढले.

नवऱ्याने, दिलीपने, एका मित्राला विचारून राजगुरुनगरच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंचं नाव आणलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "याला डिप्रेशन म्हणतात. हा आजार आहे आणि याला उपचार आहे."

मी पहिला प्रश्न काय विचारावा? "कागदावर दुसरं काही नाव लिहिता येईल का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव तेच राहील. पण कागद तुमच्याकडेच राहील."

त्यांनी रोज रात्री जेवणानंतर घ्यायची एक गोळी दिली. दुसऱ्या महिन्यात मी एका सुट्टीच्या दिवशी आपणहून माळा आवरायला काढला. दिलीप खाली शिडी धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "अहो, शिडी नीट धरा."

दोन वाटा

आता राजगुरुनगरच का? आम्ही मोशीचे. दिलीपचं घराणं गावातलं जुनं, त्यामुळे आजूबाजूला निम्मी भावकी. कोपऱ्यावरचं मेडिकल त्याच्या चुलतभावाचं. चिंचवडच्या त्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नाव पुकारायला बसते ती भावकीतलीच सून. तिथल्या फाइलमध्ये 'मनाच्या आजाराची गोळी' असं पडलं की संध्याकाळपर्यंत ते देवळाच्या पारावर पोचणार, असं आम्ही धरून चाललो. त्यातच ऋतुजासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आई मनाच्या आजाराची गोळी घेते म्हटल्यावर पुढचे लोक काय समजतील ते वेगळं सांगायला नको. दिलीपचं म्हणणं पडलं, "ऋतूचं जमेपर्यंत गप्प राहू." मलाही ते पटलं.

म्हणून दोन वाटा झाल्या. डोकं चिंचवडला, मन राजगुरुनगरला. कंपनीला दर गुरुवारी सुट्टी असे; महिन्यातल्या एका गुरुवारी मी नाशिक रस्त्याने वर जाई, डॉक्टरबाईंना भेटे, तिथल्याच मेडिकलमधून गोळ्या घेई आणि परत येई. शेजारी मोठे दीर आणि जाऊ राहतात, त्यांना सांगून ठेवलं होतं की तिकडच्या दत्ताला जाते. पुढे दीर आमच्याशी बोलेनासे झाले, का ते कळेना.

चिंचवडच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषधं चालू?" मी म्हटलं, "नाही." राजगुरुनगरच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "डोकेदुखीला काय घेता?" मी म्हटलं, "साधी गोळी, कधीतरी." दोन्ही ठिकाणी मी खोटं बोलले ते अगदी सहज. दोन्ही आजारांची पूर्ण गोष्ट ठाऊक असलेला एकही डॉक्टर आणि एकही दुकानदार या जगात नव्हता. होते ते मी आणि दिलीप.

माझं वेळापत्रक

एकदा अटॅकच्या गोळीच्या खोक्यातला घडीचा कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ही घेतली तर धोका संभवतो. मोबाइलवर शोधलं तर आणखी घाबरले. तेव्हा कोणाला तरी विचारायला हवं होतं. मी काय केलं, तर वेळापत्रक केलं. ज्या दिवशी अटॅकची गोळी घेतली त्या रात्री मनाची गोळी टाळायची. दोघींची गाठच पडू द्यायची नाही.

मला ते फार व्यवस्थित वाटलं होतं. नंतर कळलं की रोजची गोळी एका रात्रीत अंगातून जात नाही. ती दिवसेंदिवस असते, म्हणूनच तर ती उपयोगी पडते. माझ्या वेळापत्रकाने गाठ काही टळत नव्हती. उलट मधल्या रात्री चुकवल्याने चक्कर, चिडचिड, अंगात वीज गेल्यासारखे झटके सुरू झाले. मन पुन्हा घसरू लागलं. झोप बिघडली. झोप बिघडली की मायग्रेन येई, मायग्रेन आलं की पुन्हा रात्रीची गोळी चुके.

मालमोजणीचा दिवस

वर्षाकाठी आमच्याकडे सगळ्या मालाची मोजणी होते. तो दिवस भांडारवाल्यांसाठी लग्नघरासारखा. सकाळीच मला रेघ दिसली. अटॅकची गोळी घेतली. या वेळी दुखण्याने तिला दाद दिली नाही. दुपारी मी रॅकला धरून उभी होते तेव्हा माझ्या हाताखालच्या सुनंदाने मला दंडाला धरलं आणि कंपनीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी रीतसर विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

मी सवयीने म्हटलं, "काही नाही."

त्यांनी एक जालीम वेदनाशामक दिलं. त्यांची काही चूक नव्हती. मी जे सांगितलं त्यावर ते चालले.

थोड्या वेळाने मला घाम फुटला. थंडीही वाजत होती आणि घामही येत होता. छाती धडधडायला लागली. पाय आपोआप उडायला लागले, मी दाबून धरले तरी थांबेनात. अस्वस्थ इतकी की बसवेना, झोपवेना. सुनंदा म्हणाली, "मॅडम, तुमच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्यात!" तिथून मला रुग्णवाहिकेने रुग्णालयात हलवलं.

आक्का आणि पाण्याची बाटली

दिलीप त्या दिवशी कामासाठी नाशिकला होता. सुनंदाने शेजारी दिरांच्या घरी फोन केला तो थोरल्या जाऊबाईंनी उचलला. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. माझ्याआधी सासरी आल्या, बैलपोळ्याच्या काळातलं मोशी त्यांनी पाहिलं आहे आणि आता आठ-आठ मजल्यांच्या इमारतींमधलंही बघताहेत. दिरांच्या गाडीतून त्या आल्या आणि खाटेच्या कडेला माझी पर्स पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने माझे गुडघे ठोकून पाहिले, डोळे पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोणकोणत्या गोळ्या घेता? सगळ्या सांगा. मी रागावणार नाही, पण आता लपवू नका. उपचार त्यावरच ठरणार आहे."

मी आक्कांकडे बघितलं. आक्कांना कळणं म्हणजे दिरांना कळणं, दिरांना कळणं म्हणजे मोशीला कळणं, आणि मग ऋतूचं स्थळ.

"आक्का, जरा पाणी आणता का बाहेरून?"

"हाय की पाणी," असं म्हणून त्यांनी पर्समधली बाटली पुढे केली. जागच्या हलल्या नाहीत.

पाय उडतच होते. डॉक्टर वाट बघत होती. मी डोळे मिटले आणि सांगितलं. सकाळची अटॅकची गोळी, दुपारचं वेदनाशामक, आणि रोज रात्रीची नैराश्याची गोळी, नावानिशी.

"झालं," ती म्हणाली, "आता कळलं." तिचा आवाज एकदम मोकळा झाला आणि ती भराभर नर्सला सूचना द्यायला लागली. मेंदूतलं एक रसायन वाढवणारी औषधं एकावर एक पडल्याने हे झालं होतं. त्यातही मुख्य काम त्या दुपारच्या वेदनाशामकाने केलं होतं. वेळेवर कळलं म्हणून सलाइन, एक शांत करणारं इंजेक्शन आणि देखरेख एवढ्यावर निभावलं.

डॉक्टर पडद्याबाहेर गेली. आक्कांनी पर्स खाटेवर ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

"म्हंजी तू राजगुरुनगरला गोळ्या आणाया जात व्हतीस?"

"हो आक्का."

"आन् जागा?"

"कसली जागा?"

"आगं, आमी समदी धरून चाललो व्हतो का तू तिकडं गुपचूप गुंठे घेतीस! दर महिन्याला दत्ताला जाती म्हनती आन् परसाद एकदा बी आनत न्हाई. मी तवाच ह्यास्नी म्हनलं, ह्यो दत्त न्हवं, ह्यो एजंट हाय."

मला हसायचं नव्हतं. हात थरथरत होते, सलाइनची सुई टोचत होती, तरी हसू आलं.

"म्हणून भाऊजी आमच्याशी बोलत नव्हते?"

"व्हय मग! भावाला इचारल्याबिगर जमीन घेतली म्हनून फुगून बसलेत. येवढा रुसवा, आन् निघाली काय तर गोळी." मग पदर सावरून म्हणाल्या, "मनाची तर मनाची. आमच्या म्हशीला सुई द्यायच्या आधी बी डॉक्टर इचारतो आदी काय दिलंय म्हनून. आन् तू डॉक्टरापास्नं लपिवलंस व्हय?"

दिवे मालवलेला वॉर्ड

रुग्णालयातल्या मुक्कामात मला थरथरीची भीती वाटली नाही. ती उतरत गेली. खरी भीती दुसरीच होती. मला वाटलं, आता सांगतील, दोन्हींतलं एक निवडा. डोकं हवं की मन? डोकं निवडावं तर पुन्हा स्कूटरवर बसून राहायचं. मन निवडावं तर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. सकाळी नर्स ताप आणि रक्तदाब बघायला येई, चहावाला येई, फरशी पुसणाऱ्या मावशी "पाय वर घ्या" म्हणत, आणि मी आपली मनातल्या मनात या दोन रकान्यांपुढे फुल्या मारत बसे. हिशेब जमत नव्हता.

ऋतुजा संध्याकाळी आली ती चिडूनच.

"माझ्या लग्नासाठी लपवलंत? मला विचारलंत का दोघांनी? मी काय म्हणाले होते, आधी माझं लग्न, मग आईचा जीव?"

दिलीप खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "बस आधी." ती बसली, पण बराच वेळ नुसती माझ्या पायावर हात ठेवून, पाय उडतोय का ते बघत. मला तिच्या हाताचं ओझं बरं वाटलं.

दीरही येऊन गेले. मोसंबी टेबलावर ठेवली आणि दिलीपला म्हणाले, "जागेचं डोक्यातनं काढून टाक राव. मीच येडा." एवढ्यावर मिटलं.

एक फोन

रुग्णालयातून सुट्टी मिळाल्यावर मी चिंचवडला गेले. नाव पुकारणाऱ्या सुनेसमोरूनच मी राजगुरुनगरची फाइल हातात घेऊन आत शिरले. तिने फाइलकडे बघितलंही नाही. ती कोणाच्या तरी पावतीवर शिक्का मारत होती.

डॉक्टरांनी दोन्ही फाइली शेजारी ठेवून वाचल्या. म्हणाले, "इतकी वर्षं मी अर्ध्याच पेशंटला तपासत होतो." मग माझ्यासमोर राजगुरुनगरला फोन लावला. दोघं डॉक्टर माझ्याबद्दल बोलत होते, आणि मी ज्या संभाषणाला इतकी घाबरत होते ते एवढंसंच निघालं.

निवडावं लागणार नव्हतं. त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. त्या घडीच्या कागदावरचा धोका खोटा नाही, पण माझ्या या दोन गोळ्या कित्येक लोक डॉक्टरांच्या माहितीने एकत्र घेतात आणि गंभीर त्रास क्वचितच होतो. डॉक्टरांना दोन्ही माहीत हव्यात, मात्रा त्यांनी ठरवलेली हवी आणि काय झालं तर धावायचं हे मला माहीत हवं. मनाची गोळी डॉक्टरबाई सांगतील त्या दिवशी, सांगतील त्या मात्रेने पुन्हा सुरू. ती आपल्या मनाने चुकवायची नाही, एकदम बंदही करायची नाही. आणि ते जालीम वेदनाशामक माझ्यासाठी कायमचं वर्ज्य. खोकल्याची काही औषधं, मायग्रेनच्या काही जुन्या गोळ्या, शेजारणीने दिलेली 'हिने पटकन उतरतं' गोळी, झाडपाल्याची पुडी, यातलं काहीही आधी विचारल्याशिवाय नाही.

तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील तर तुमचं उत्तरही वेगळं असेल. माझं उत्तर उचलून वापरू नका. प्रश्न मात्र जरूर वापरा.

मी दोन्ही औषधांची आणि त्या एका वर्ज्य औषधाची नावं लिहून चिठ्ठी कंपनीच्या ओळखपत्रामागे, प्लास्टिकच्या पाकिटात घातली. गळ्यातच असते. गेटवरच्या सुरक्षारक्षकापासून साहेबांपर्यंत कोणीही वाचावी. आणि आता दोन्ही गोळ्या कोपऱ्यावरच्या, चुलतभावाच्या मेडिकलमधून घेते. पहिल्या वेळी त्याने दोन्ही पट्ट्या बघितल्या आणि विचारलं, "वहिनी, डॉक्टरांना दोन्ही ठाऊक हायत ना?" मी हो म्हटलं. पुढचं गिऱ्हाईक डायपर मागत होतं.

आक्कांची देखरेख

मनाची गोळी पुन्हा सुरू झाल्यावरचा पहिला अटॅक एका गुरुवारी दुपारी आला. अटॅकची गोळी तळहातावर घेऊन मी बसून राहिले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, तरी हात तोंडाकडे जाईना. रुग्णालयातले पाय आठवत होते. शेवटी ऋतूने शेजारून आक्कांना बोलावलं. त्या वाटाण्याच्या शेंगा आणि ताट घेऊन माझ्या खोलीत येऊन बसल्या.

"घे. मी हाय."

घेतली. पडदे ओढलेले, शेंगा फुटण्याचा बारीक आवाज.

"थरथर होतीया का?"

"नाही आक्का."

जरा वेळाने, "घाम?"

"नाही."

"पाय उडत्यात?"

"आक्का, तुम्ही असंच विचारत राहिलात तर उडायला लागतील."

"बरं बाई, न्हाई इचारत." आणि लगेच, "छाती?"

दुखणं ओसरत गेलं. दुसरं काही झालं नाही. जाग आली तेव्हा ताटात सोललेले वाटाणे होते आणि आक्का भिंतीला टेकून घोरत होत्या. त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी दारातूनच आवाज दिला, "राजगुरुनगरची घेतली का?" तेव्हापासून घरात त्या गोळीचं नाव तेच पडलं आहे.

दापोडीचं स्थळ

यानंतर काही महिन्यांनी ऋतूला बघायला दापोडीहून मंडळी आली. मूळची लातूरकडची. मुलगा शांत, वडील कारखान्यातून निवृत्त, आई हसतमुख. पोहे झाले, चहा आला आणि मुलाच्या वडिलांच्या चष्म्याशेजारी मला ती वाकडी रेघ चमकताना दिसली.

वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी पर्समधून गोळी काढली आणि सगळ्यांसमोर पाण्याबरोबर घेतली.

मुलाच्या आईने विचारलं, "गोळी कशाची ओ, ताई?"

"पित्ताची," आक्का चटकन म्हणाल्या. दिलीपने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. ऋतू माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "मायग्रेनची. मला अटॅक येतात. आणि नैराश्याचीही एक घेते, रोज."

मुलाच्या वडिलांनी हवापाण्याचं काही तरी काढलं. मी आत जाऊन पडले. आता ही मंडळी उठतील, असं वाटलं, आणि वाटून फार काही झालं नाही. छाती शांत होती, पाय शांत होते.

दार हळूच लोटून मुलाची आई आत आली. पलंगाच्या कडेला टेकली, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ताई, दोन्ही संगं चालतात का ओ?"

मी उठून बसले. दिवा लावू दिला नाही, पण खुंटीवरच्या ओळखपत्रामागची चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

"डॉक्टरांना सांगून चालतात. माझ्या चालतात, तुमच्याबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील. तुमच्या डॉक्टरांना दोन्ही माहीत आहेत का?"

तिने मान हलवली. नाही.

ते स्थळ जमलं नाही. मुलाला बंगळुरूला जायचं होतं आणि ऋतूला नव्हतं. कोणाच्या मनात काही राहिलं नाही. पुढच्या गुरुवारी मात्र दापोडीहून मला फोन आला. ती डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती आणि तिला विचारायचं होतं, आत गेल्यावर आधी कोणत्या गोळीचं नाव सांगू?

मी म्हटलं, "जी सांगायला जड जाते, ती आधी."